हिमालयाच्या थंड उतारावरील वनमृदा

आपल्याकडील शेतकऱ्याच्या तोंडी ‘वाफसा’ हा एक फार नेमका शब्द आहे. पाऊस पडून गेला, जास्तीचे पाणी खाली उतरले, मातीत ओल राहिली आणि तिच्यात हवाही खेळू लागली, की जमीन वाफशावर आली असे तो म्हणतो. विदर्भ-मराठवाड्यातील भारी काळ्या जमिनीत झडीनंतर वाफशाची कित्येक दिवस वाट पाहावी लागते. आणि तो आल्यावर चार दिवस दुर्लक्ष झाले, तर जमीन आवळून वखर चालेनासा होतो. वाफसा ही अशी हातातून निसटणारी अवस्था होय.

हिमालयाच्या मध्यम उंचीच्या उतारांवर, घनदाट वनाखाली मात्र अशी एक माती आढळते, की जी ऐन पावसाळ्यातही सहसा वाफशाबाहेर जात नाही. वरून कोसळणारा पाऊस ती पोटात घेते, स्वतःपुरती ओल राखते आणि उरलेले पाणी सावकाश खाली खडकाच्या भेगांकडे सोपवते. हात घातला तर ती हातात भुसभुशीत लागते. पाऊस थांबून तास झाला नाही तोच तिच्यावरून चालले तरी पाय रुतत नाही. मृदाशास्त्रात जिला उत्तम निचऱ्याची शीत वनमृदा म्हणतात ती हीच. गंगा-यमुनेच्या उपनद्यांना पावसाळा संपल्यानंतर आठ महिने जे पाणी मिळते, त्यातील बराच भाग अशा मातीतून पाझरलेला असतो. ती कशी घडते आणि कशाने बिघडते, हे पाहण्यासाठी कुमाऊँचा डोंगराळ प्रदेश विशेष सोयीचा आहे. नैनिताल, अल्मोडा, मुक्तेश्वर, बिनसर ही त्यातील नावे मराठी प्रवाशांना परिचित आहेत. शिवाय देशभरच्या मृदांचे सर्वेक्षण व नकाशे करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

निचरा म्हणजे कोरडेपणा नव्हे

‘उत्तम निचऱ्याची जमीन’ असे म्हटले की पाणी न धरणारी, वाळूसारखी जमीन डोळ्यांसमोर येते. हा समज प्रथम दूर करावयास हवा. निचरा म्हणजे मातीतील मोठ्या पोकळ्यांतून जास्तीचे पाणी निघून जाणे. बारीक पोकळ्यांतील पाणी तेथेच राहते आणि मुळांना मिळत राहते. ज्या मातीत दोन्ही प्रकारच्या पोकळ्या पुरेशा असतात तीच खरी उत्तम निचऱ्याची माती. पश्चिम महाराष्ट्रात कालव्याच्या पाण्याने चिबड झालेल्या जमिनी आपण पाहिल्या आहेत. तेथे पाण्याची टंचाई नसते, टंचाई असते ती हवेची. मुळे गुदमरतात आणि पीक पिवळे पडते.

निचरा चांगला आहे की नाही, हे ओळखण्यास प्रयोगशाळेची गरज नाही; मातीचा रंगच ते सांगतो. हवा खेळत असलेल्या मातीतील लोह गंजलेल्या अवस्थेत राहते आणि मातीला तपकिरी, पिवळसर किंवा तांबूस रंग देते. पाणी साचून राहिले की हवेअभावी त्याच लोहाचे रूप पालटते, ते विरघळू लागते आणि माती करडी, निळसर दिसू लागते. कधी ओली, कधी कोरडी राहणाऱ्या थरात करड्या मातीवर गंजाचे ठिपके उमटतात. कुमाऊँच्या वनातील उतारावर कमरेइतका खड्डा खणून पाहिला, तर वरपासून खालपर्यंत सलग तपकिरी छटा दिसते. करडे डाग सापडत नाहीत. पाणी येथून नेहमीच पुढे जात आले आहे, याची ती जणू नोंदच होय.

या निचऱ्याची कारणे अनेक आहेत. उतार हे एक उघड कारण. दुसरे कारण मूळ खडकाचे. मध्य हिमालयातील अभ्रकयुक्त शिस्ट, नीस, क्वार्टझाइट असे खडक झिजून वाळू, पोयटा आणि दगडगोटे यांचे मिश्रण तयार होते. त्यात चिकणमातीचा अंश बेताचाच असतो. दख्खनच्या काळ्या मातीत तो निम्म्याच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असतो, आणि पाणी मिळताच ती चिकणमाती फुगून सगळ्या वाटा बंद करते. पण तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि ते खडकात नव्हे तर वनात आहे. झाडांची मुळे मेल्यावर त्यांच्या जागी राहिलेल्या नळ्या, गांडुळांची व किड्यांची बिळे, आणि कुजलेल्या पाल्याने मातीचे कण एकमेकांस चिकटवून केलेले बारीक, गोल दाणे यांमुळे वरच्या थराचा अर्ध्याहून अधिक भाग पोकळ असतो. भिजलेली काळी जमीन तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. उत्तम स्थितीतील वनमृदा तासाला शंभर मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी सहज जिरवते. सामान्य पावसात तिच्या पृष्ठावरून पाणी वाहतच नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

थंडीने काय साधते

आता ‘शीत’ या विशेषणाकडे वळू. मृदाशास्त्रज्ञ माती थंड की उष्ण हे हवेच्या तापमानावरून ठरवीत नाहीत. जमिनीखाली सुमारे ५० सेंटिमीटर खोलीवर वर्षभराचे सरासरी तापमान किती, यावर त्यांची विभागणी होते. अमेरिकेत १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे आपल्याकडेही स्वीकारल्या गेलेल्या वर्गीकरणात ८ ते १५ अंश सेल्सिअस आणि १५ ते २२ अंश असे वेगवेगळे वर्ग आहेत. २२ अंशांच्या वर सरासरी गेली की माती उष्ण वर्गात जमा होते. महाराष्ट्रातील बहुतेक जमिनी या वरच्या वर्गात मोडतात. महाबळेश्वराला आपण थंड हवेचे ठिकाण म्हणतो खरे, पण तेथील मातीला थंडीचा अनुभव फारसा नाही. उंची वाढते तसे तापमान दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे कुमाऊँत दोन हजार मीटरच्या आसपास पोहोचले की माती खऱ्या अर्थाने शीत वर्गात येते.

थंडीचा परिणाम कुजण्याच्या क्रियेवर होतो. पालापाचोळा कुजविणारे सूक्ष्मजीव आणि बुरशी यांची क्रिया तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होते, आणि उतरले की त्याच प्रमाणात मंदावते. आपल्या उष्ण जमिनीत कितीही शेणखत घातले तरी दोन-तीन वर्षांत त्याचा मागमूस उरत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार या नियमातच बसते. काळ्या जमिनीचा रंग पाहून ती सेंद्रिय द्रव्याने भरलेली असावी असे वाटते; प्रत्यक्षात तिच्यातील सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुधा एक टक्क्याच्या आतच असते. कुमाऊँतील चांगल्या बांजवनाच्या वरच्या थरात ते तीन ते पाच टक्के, आणि कित्येक ठिकाणी त्याहूनही अधिक भरते. तेथे झाडे आपल्यापेक्षा जास्त पाने गाळतात असे नव्हे. गळालेले पान तेथे सावकाश खर्च होते, इतकेच.

मात्र थंडी फार झाली, किंवा पाने कठीण जातीची असली, तर कुजण्याचा वेग इतका मंदावतो की पाला मातीत मिसळण्याऐवजी तिच्यावर थरावर थर साचत जातो. डेन्मार्कचे वनशास्त्रज्ञ पी. ई. म्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात बीच वृक्षांच्या वनांत हा भेद प्रथम नीट ओळखला. जेथे गांडुळे पाला खाली ओढून मातीत कालवतात त्या मऊ ह्यूमसला त्यांनी ‘मल’ म्हटले, आणि जेथे पाला आंबट होऊन गादीसारखा वर पडून राहतो त्याला ‘मोर’. (पहिल्या शब्दाचा आपल्या ‘मल’ शब्दाशी काही संबंध नाही, दोन्ही शब्द डॅनिश आहेत.) आज जगभर हेच शब्द रूढ आहेत. हिमालयात एकाच डोंगरावर चढत गेले तर या दोहोंची गाठ पडते. दोन हजार मीटरच्या सुमारास बांजाखाली मल, आणि तीन हजार मीटरकडे फर व खरसू यांच्या छायेत मोर प्रकाराकडे झुकणारा जाड, तंतुमय थर.

निचरा आणि आंबट पाला एकत्र आले की आणखी एक क्रिया सुरू होते. पाझरणारे पाणी चुना, मॅग्नेशिअम यांसारखी क्षारद्रव्ये धुऊन खाली नेते; पुढे लोह व ॲल्युमिनिअमही जागा सोडतात आणि वरच्या थरात राखेच्या रंगाची फिकट माती उरते. रशियन शेतकऱ्यांनी अशा मातीला ‘पॉडझोल’ म्हटले. त्याचा अर्थ ‘राखेखालची’ असा सांगतात. रशिया, स्कँडिनेव्हिया, कॅनडा येथील सूचिपर्णी वनांत ही माती मैलोगणती पसरलेली आहे. हिमालयात मात्र पूर्ण स्वरूपातील पॉडझोल क्वचितच आढळते. डोंगर तरुण आहे, उतार तीव्र आहेत, वरून सतत नवा दगड-मुरूम घसरून मातीत मिसळत असतो; त्यामुळे धुऊन गेलेली द्रव्ये पुन्हा पुन्हा भरून निघतात आणि माती तपकिरी अवस्थेतच राहते. मुरलेली, म्हातारी माती होण्याइतका निवांतपणा हिमालय तिला लाभू देत नाही.

बांजवनातील एक खड्डा

दोन हजार मीटरच्या सुमारास, उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर, बांजाच्या वनात खणलेल्या खड्ड्यात साधारणतः काय दिसते ते पाहू. बांज हा ओक कुळातला सदाहरित वृक्ष. त्याच्या पानाची खालची बाजू पांढुरकी असते.

सर्वांत वर चार-पाच सेंटिमीटर पाल्याचा थर. त्यात वरची पाने अख्खी, मधली जाळीदार झालेली आणि तळची ओळखू न येणारी, काळपट. हा थर उचलला की खाली पांढऱ्या बुरशीचे तंतू दिसतात. मुळांच्या टोकांना वेढून राहणारी ही बुरशी झाडाला स्फुरद मिळवून देते आणि मातीचे दाणेही बांधते. त्याखाली वीसेक सेंटिमीटर गडद तपकिरी, जवळजवळ काळी माती लागते. ती मूठभर घेऊन दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टेकले की दाण्यादाण्यांनी मोकळी होते. झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी याच थरात असतात. तिचे वजनही हलके असते. एक घनसेंटिमीटर कोरडी माती पुष्कळदा एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. तुडवलेल्या किंवा उघड्या पडलेल्या जमिनीत हाच आकडा दीड ग्रॅमच्या जवळ जातो.

मग हळूहळू रंग उजळत तपकिरी, पिवळसर-तपकिरी होतो. दगड वाढू लागतात. मातीचा सामू सहाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. तळाशी, कुठे दीड हातावर तर कुठे तीन हातांवर, कुजका मुरमासारखा शिस्ट लागतो. तो अभ्रकाने चमकतो आणि कुदळीने सुटतो. त्यातील भेगांमधून मुळांची जाड टोके पार खाली गेलेली दिसतात. पाणीही त्याच वाटेने जाते.

त्याच डोंगराच्या दक्षिण बाजूला गेले तर देखावा पालटतो. कुमाऊँच्या अक्षांशावर हिवाळ्यातील सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो. दक्षिण उतार दिवसभर तापतो. उत्तर उतारावर ऊन जेमतेम पोहोचते, बर्फ पडले तर ते दिवसेंदिवस टिकते आणि ओल मे महिन्यापर्यंत पुरते. म्हणून दक्षिणेकडची माती उथळ, फिकट, कमी ह्यूमसची. उत्तरेकडची खोल आणि गडद. एका कड्याच्या दोन बाजूंना, शे-दोनशे मीटर अंतरावर, जणू दोन वेगळ्या प्रदेशांतील माती पाहावयास मिळते. रोपवाटिकेतून आणलेली रोपे उताराची दिशा न पाहता लावली गेली, तर ती का जगत नाहीत याचे उत्तर पुष्कळदा येथेच असते.

बांज आणि चीड

कुमाऊँतील गावकऱ्यांत एक समज दृढ आहे. बांज पाणी देतो आणि चीड पाणी पितो. चीड म्हणजे लांब सुयांचा पाईन वृक्ष. तो अठराशे-दोन हजार मीटरच्या खाली विपुल वाढतो आणि अनेक ठिकाणी बांजाच्या हद्दीत शिरलेला दिसतो. गावकऱ्यांच्या म्हणण्यात अनुभवाचा आधार आहे, तथापि ते जसेच्या तसे स्वीकारण्यापूर्वी थोडा विचार हवा. चीड मुळातच उन्हाळ, उथळ, दगडाळ दक्षिण उतारांवर वाढणारे झाड आहे. जेथे माती आधीच दुबळी, तेथे चीड. आणि जेथे चीड, तेथे पाणी कमी. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी पहिली दुसरीचे कारण आहे असे सरळ म्हणता येत नाही.

चिडीचा खरा दोष तिच्या सुयांत आहे. या सुयांना तेथे ‘पिरूळ’ म्हणतात. त्या चिवट व मेणचट असल्यामुळे लवकर कुजत नाहीत आणि उन्हाळ्यात वाळून बारुदासारख्या पेटतात. आगीत मोठे चीड वृक्ष जाड सालीमुळे बहुधा वाचतात. जळतो तो पाल्याचा थर, बांजाची कोवळी रोपे आणि मातीच्या वरच्या बोटभर थरातील जीवसृष्टी. उत्तराखंडात २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत अशा आगी मोठ्या प्रमाणावर लागल्या. आगीनंतरची राख काही काळ मातीचा आंबटपणा कमी करते, गवतही हिरवेगार येते, आणि यामुळेच चराईसाठी मुद्दाम आग लावण्याचा मोह होतो. पण पहिल्याच जोराच्या सरीबरोबर ती राख आणि तिच्यातील क्षारद्रव्ये उतारावरून वाहून जातात. थेंबांच्या माऱ्याने उघड्या मातीचे दाणे फुटतात, बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि काल तासाला शंभर मिलिमीटर पाणी पिणारी जमीन आज त्यातील थोडेच आत घेते. म्हणजे निचरा खडकाने बिघडत नाही. वरच्या दोन बोटांत बिघडतो.

हिवाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. पाल्याच्या पांघरुणाखालची माती सहसा गोठत नाही. उघड्या जागी मात्र रात्री मातीतील ओल गोठून बर्फाच्या सुया उभ्या राहतात आणि मातीचे कण दोन-तीन सेंटिमीटर वर उचलतात. सकाळी ऊन लागले की सुया वितळतात. कण खाली पडतात, पण मूळ जागी नव्हे, उताराच्या दिशेने थोडे पुढे. रोज रात्री एवढीशी चाल. उघड्या उतारावर नवी रोपे उपटून पडलेली दिसतात त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

पाणी डोंगरात अडले तर

निचऱ्याचे महत्त्व उलट बाजूने समजून घ्यावयाचे, तर नैनितालचा इतिहास पाहावा. सुमारे १,९३८ मीटर उंचीवरील तलावाभोवती हे शहर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वसत गेले. उतार कापून घरे, रस्ते, सपाट मैदाने झाली. झाडी विरळ झाली. १८८० च्या सप्टेंबरमध्ये संततधार पावसाने पाणी डोंगराच्या सैल, भग्न शेल खडकात आणि वरच्या भरावात भरले. त्याला बाहेर पडण्यास पुरेशी वाट नव्हती. १८ सप्टेंबर रोजी शेर-का-डांडा या डोंगराचा एक भाग क्षणार्धात खाली आला आणि १५१ माणसे दगावली. त्यानंतर प्रशासनाने डोंगरउतारांवर दगडी नाल्यांचे जाळे बांधले. पाणी जमिनीत अडून न राहता तलावाकडे निघून जावे, हा त्यामागील हेतू. ते नाले आजही नैनितालच्या सुरक्षिततेचा आधार मानले जातात. वनातील मुळांच्या नळ्या आणि खडकाच्या भेगा जे काम फुकट करतात, ते बांधकामाने करावयाचे तर काय सायास पडतात, हे तेथे दिसते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. डोंगरातील प्रत्येक दुर्घटनेचे खापर वृक्षतोडीवर फोडण्याची सवय योग्य नव्हे. झाडांची मुळे वरची मीटर-दीड मीटर माती धरून ठेवतात. त्याखालचा खडकच सुटला तर ती काही करू शकत नाहीत. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेच्या खोऱ्यात जो प्रलय झाला, तो वनरेषेच्या कितीतरी वर, हिमाच्छादित शिखरावरील खडक व बर्फाचा प्रचंड कडा कोसळल्यामुळे. या प्रलयाचा मार्ग रैणी गावाजवळून गेला. याच रैणीत २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावच्या स्त्रियांनी वृक्षतोड रोखून धरली होती. वनाने मातीचे रक्षण होते हे त्या स्त्रियांचे म्हणणे २०२१ च्या प्रलयाने खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टींचे क्षेत्र वेगळे आहे. चिपको आंदोलनाने वनाच्या देण्यांत लाकूड-राळेच्या आधी माती, पाणी आणि हवा यांची नावे घेतली, ही मृदाशास्त्राच्या दृष्टीनेही महत्त्वाची घटना होय. १९८१ मध्ये तत्कालीन उत्तर प्रदेशातील हिमालयीन भागात एक हजार मीटरच्या वरील हिरव्या झाडांची व्यापारी तोड पंधरा वर्षांसाठी थांबविण्यात आली.

पाला कोणाचा?

तथापि तोड थांबली म्हणजे माती वाचली असे होत नाही. झाड उभे असूनही त्याखालची माती मरू शकते. कुमाऊँतील शेती उतारावरील अरुंद पायऱ्यांची. तिला खत हवे. स्त्रिया बांजाचा पाला गोळा करून गोठ्यात गुरांखाली अंथरतात, तो शेणामुतात भिजला की शेतात जातो. फांद्या छाटून वैरण होते. थोडक्यात, शेताची सुपीकता वनातून डोक्यावरून वाहून आणली जाते. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजताना आपले शेतकरी डोंगरातील कवळ आणि पाचोळा आणतात, त्यासारखाच हा व्यवहार. शेकडो वर्षे तो चालत आला, कारण गावे लहान होती आणि वन मोठे होते.

ज्या वनातून दरवर्षी सगळा पाला उचलला जातो, त्या वनात वरून पाहणाऱ्याला झाडे दिसतात. खाली मात्र मुळे उघडी पडलेली, माती फिकट आणि गुरांच्या पायवाटांनी घट्ट झालेली असते. बांजाचे फळ अशा कडक जमिनीवर पडून वाळते. नवे रोप उगवत नाही. मग मोकळ्या जागी हलक्या, पंख असलेल्या बियांचा चीड येतो. त्याच्याबरोबर पिरूळ, आणि पिरुळाबरोबर आग. वन तोडून तेथे बटाटा किंवा फळबाग केली, तर मातीतील सेंद्रिय कर्ब काही दशकांतच तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत घटतो. थंडीमुळे जो सावकाश साठला, तो नांगराने हवा आत घातल्यावर झपाट्याने संपतो. आणि पुन्हा साठावयाचा तर त्याच थंडीमुळे तितकाच सावकाश साठणार. उष्ण प्रदेशातील जमीन लवकर बिघडते तशी हिरवळीच्या खताने काहीशी लवकर सावरतेही. शीत उतारावरील मातीला ती सवलत नाही. बोटभर माती वाहून गेली तर तिच्या जागी नवी घडण्यास कित्येक पिढ्या जातात.

पाणी हे याचे सर्वांत दृश्य फळ. कुमाऊँत गावोगाव ‘नौला’ नावाची दगडी बांधणीची छोटी झऱ्याची कुंडे आणि ‘धारा’ म्हणजे वाहते झरे आहेत. गावाचे पिण्याचे पाणी त्यांवरच अवलंबून. भूशास्त्रज्ञ खड्गसिंह वल्दिया आणि त्यांचे सहकारी बर्तारिया यांनी १९८० च्या दशकात गौला नदीच्या पाणलोट क्षेत्रातील झऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा अनेक झऱ्यांचा प्रवाह पूर्वीपेक्षा स्पष्टपणे घटल्याचे आढळून आले. झरा कोठे फुटावा हे खडकातील भेगा ठरवितात. पण त्या भेगांत पाणी उतरू द्यावयाचे की उतारावरून वाहून जाऊ द्यावयाचे, हे वरची माती ठरविते. नौला आटला की पाण्यासाठी चालण्याचे अंतर वाढते, आणि ते चालणे बहुधा त्याच स्त्रियांच्या वाट्यास येते ज्या पाला आणावयास जातात.

या प्रश्नास उपाय नाहीत असे नव्हे. कुमाऊँत १९३१ च्या नियमांपासून वनपंचायतींची परंपरा आहे. जी वनपंचायत जागरूक असते ती वनाचा एक भाग आळीपाळीने बंद ठेवते, पाला व वैरण कधी आणि किती आणावी हे ठरवून देते. पाल्याचा निम्मा थर जरी जागेवर राहिला तरी मातीला दिलासा मिळतो.

शेजारच्या गढवालमधील पौडी जिल्ह्यात, दूधातोलीच्या डोंगररांगेतील उफरैंखाल येथे, शिक्षक सच्चिदानंद भारती आणि दूधातोली लोक विकास संस्थान यांनी १९८० च्या दशकापासून जे काम केले, त्यात या मातीचे मर्म नीट ओळखलेले दिसते. त्यांनी उतारावर मोठे बंधारे घातले नाहीत. तीव्र उतारावरील सैल माती ते पेलू शकली नसती. त्याऐवजी बसक्या भांड्याएवढ्या ते लहान हौदाएवढ्या हजारो खळग्या, एकीखाली एक, कुदळीने खणल्या. प्रत्येकीत थोडेसे पाणी थांबते आणि तेथल्या तेथे मुरते. खळगीच्या काठावरील ओलाव्यात गवत धरते, त्या आधाराने बांज, बुरांस, उतीस यांची रोपे जगतात, पाला पडू लागतो आणि पाण्याला पुन्हा मातीतून खाली जाण्याची वाट सापडते. तेथील एक कोरडा पडलेला ओढा, ज्याला लोक ‘सूखा रौला’ म्हणत, काही वर्षांनी पुन्हा वाहू लागला. गावकऱ्यांनी त्याचे नाव बदलून गाडगंगा ठेवले. वनाची राखण स्त्रिया करतात. त्यासाठी घुंगरू बांधलेली एक काठी असते. पाळी संपवून आलेली बाई संध्याकाळी ती शेजारणीच्या दाराशी ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन शेजारीण वनात जाते.